बाट्यांची भिंत

ती इटलीची बाई आमच्याकडे संस्कृत शिकायला येऊ लागली, त्या पहिल्या दिवसापासून मला तिचा हेवा वाटत होता. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिच्याविषयी चार बरे शब्द लिहिले तर कुणी मला मोठ्या मनाची समजायला नको.

साहेबाचं राज्य होतं, त्यामुळे काशीत गोऱ्या माणसांचं नवल नव्हतं. थंडीत ते होड्यांत बसून यायचे, आम्ही घाटावर अंघोळी करत असलो की आमच्याकडे बघत पुढे जायचे आणि संध्याकाळी छावणीकडे परतायचे. पण अहिल्याबाई घाटामागच्या आमच्या गल्लीत, सांडांच्या शिंगांतून वाट काढत एखादी गोरी बाई पायी येते, दारात बूट काढते आणि माझ्या यजमानांसमोर मांडी घालून बसते, हे कुणी पाहिलं नव्हतं. शेजारणी आपापल्या दारांतून पाहत राहायच्या आणि ती गेली की मला विचारायच्या, "का गं, आज किती वेळ होती?" जणू मी घड्याळ घेऊनच बसले होते. खरं तर बसलेच होते.

हे, म्हणजे माझे यजमान, एका शाळेत संस्कृत शिकवत. आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर, ती यायची. पस्तिशीची असेल. नाकावर तपकिरी ठिपके, पाय पुरुषासारखे मोठे, केसांना कधी तेल म्हणून लागलेलं नाही. रूपाने ती माझ्यापेक्षा सरस असती तर मला सोपं गेलं असतं. सगळा दोष तिच्या रूपावर ढकलून मी मोकळी झाले असते. पण मी सव्वीस वर्षांची, नऊवारीत चांगली ठसठशीत दिसणारी बाई, आणि तरीही माझ्या पोटात दुखत होतं ते एका शब्दावरून. तिने एखादं रूप न चुकता सांगितलं की हे मांडीवर थाप मारून म्हणायचे, "वाह!" एका षष्ठीच्या रूपाला एवढं मोठं वाह.

आता आमच्या घरातली रीत सांगते. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. हे जेवताना बोलत नसत. सासऱ्यांपासूनचा शिरस्ता होता. पाटावर बसायचं, चित्राहुती घालायच्या, मान खाली घालून जेवायचं आणि उठायचं. जेवण कसं झालंय ते मला ह्यांच्या हाताकडे बघून ओळखावं लागे. भाजी दुसऱ्यांदा घेतली तर ठीक. आमटीभात कालवताना बोटं भराभर चालली तर बरी. ह्यांचं झालं की त्याच ताटावर मी बसायची. नवऱ्याच्या ताटात मागून जेवणं हा आमच्यातल्या बायकांचा रिवाजच होता, आणि हे माझ्यासाठी काही ना काही मागे ठेवत. तूपभाताचा घास, अर्धा लाडू, नाहीतर तळलेली एखादी मिरची. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. उलट, त्या ताटावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही याचं मनातून बरं वाटायचं. हवा होता तो फक्त एक शब्द. "छान झालंय", एवढंच. पुरणपोळी असो की साधं पिठलं, नऊ वर्षांत तो आला नव्हता, आणि ती बाई दर खेपेला आमच्या ओसरीवर बसून तीन-तीन, चार-चार घेऊन जात होती.

मार्गशीर्ष संपत आला आणि नाताळ जवळ आला. काशीत त्याला सगळे 'बडा दिन' म्हणतात, आम्हीही म्हणायचो. ती छावणीत एका बंगल्यात इंग्रजांबरोबर खोली घेऊन राहत होती. तिथे त्या दिवशी भाजलेला पक्षी आणि गोड शिजवलेला गोळा असतो, पण आपल्या घरचं काही नसतं, असं तिने ह्यांना सांगितलं. तिच्या आईकडे त्या दिवशी जेवणाच्या आधी एक ताट मांडायचे. जेवण नव्हे, जेवणाची वाट मोकळी करणारं ताट. आंबट, खारट, तेलात मुरलेलं, थोडं थोडं, नाना तऱ्हेचं. ते ताट गुरुजींना खाऊ घालावं अशी तिची इच्छा होती. हे ऐकून गुरुजी विरघळले आणि मला न विचारता हो म्हणून बसले.

मला संध्याकाळी दिवा लावताना कळलं.

"परवा नाताळ," हे म्हणाले. "बाई आपल्याकडे त्यांच्या देशाचं ताट मांडणार आहेत."

"कुठे मांडणार?"

"इथेच. सगळं सोवळ्यात व्हायला हवं, तेव्हा आपल्याच स्वयंपाकघरात होऊ दे."

"म्हणजे त्या चुलीपाशी येणार?"

"छे. त्या चौकात बसून सांगतील. तू कर."

त्या सांगतील, तू कर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमची मुलगी त्या महिन्यात आजोळी ग्वाल्हेरला गेली होती, त्यामुळे तिच्यावर ओरडून राग काढायचीही सोय नव्हती. मी दिवा लावला, हात जोडले आणि देवापुढे उभ्या उभ्याच ठरवून टाकलं की हे ताट मी असं करीन की तिच्या आईनेसुद्धा केलं नसेल. पाहुणी समोर बसलेली असताना हे मुके राहणार नाहीत. बोलतील. आणि ताट माझ्या हातचं असेल तर बोललेलं माझंच होईल. आयता चालून आलेला तो शब्द मला सोडायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा हे घाटावर उन्हात बुद्धिबळ खेळायला गेले होते. मी तिला चौकात पाट दिला आणि मी आत, उंबऱ्याच्या अलीकडे बसले. तिचं हिंदी पुस्तकातलं होतं आणि अडलं की ती मध्येच संस्कृत घालायची. मला ती 'बहनजी' म्हणायची. तिने पिशवीतून एक लहानसा डबा काढला, कलकत्त्याहून मागवलेला. आत पाण्यात बुडवलेली हिरवी फळं होती, बोराएवढी. हीच तिच्याकडच्या ताटाची मुख्य गोष्ट.

"यह अंदर नहीं आएगा," मी सांगून टाकलं.

"जानती हूँ," ती म्हणाली. "आप केवल देखिए."

मी उंबऱ्यातूनच पाहिलं. वास घेतला. "स्वाद कैसा है?"

"पहले कड़वा," ती डोळे मिटून म्हणाली. "फिर खारा. फिर थोड़ा तेल."

मी उठले आणि फडताळातून बरणी काढून तिला दाखवली. श्रावणात खारवलेली हिरवी करवंदं. ती पाण्यात टाकून खार उतरवायचा, देठाशी चीर देऊन बी काढायची आणि तिळाच्या तेलात मिऱ्याबरोबर मुरवायची, असं मी तिला सांगितलं. तिने ती करवंदं पाहिली, मग स्वतःचा डबा पाहिला आणि तो झाकण लावून पिशवीत ठेवून दिला. मला फार बरं वाटलं. पहिली बाजी मी मारली होती.

मग एकेक करत आमचं तसंच चाललं. ती एखादा पदार्थ हातवाऱ्यांनी सांगायची आणि मी तो माझ्या घरात शोधायची. तिकडे फुलकोबी, गाजर, सलगम सिरक्यात मुरवतात. सिरका आमच्याकडे वर्ज्य, मी कागदी लिंबाचा रस आणि फेसलेली मोहरी घेतली. तिकडे दुधाचं काही नासवून गोळा करतात आणि त्यावर मिरपूड टाकतात. दूध मुद्दाम नासवायचं म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. मी दही फडक्यात टांगलं आणि म्हटलं, उद्यापर्यंत याचा चक्का होईल, श्रीखंडाला करतो तसा, त्यावर घाला काय मिरपूड घालायची ती. लसणाचं तिने नुसतं नाव काढलं आणि माझा चेहरा बघून स्वतःच मान हलवली.

वांगं तेलात हवं होतं. तेवढ्यात भाजीवाली टोपली घेऊन आली, चौकात गोऱ्या बाईला बघून थबकली, पण धंदा विसरली नाही. "ई रामनगर क भंटा हौ बहूजी," तिने मुलाच्या डोक्याएवढं वांगं पुढे केलं, "एक ठो बीया ना निकली." एकही बी निघणार नाही म्हणाली, म्हणून मी दोन घेतली. वांगी गोवरीच्या निखाऱ्यात भाजून, साल काढून, लांब लांब चिरून तेलात घातली. आमच्यात त्याचं भरीत करतात. चिरून ठेवायचं माझ्या हातांना पटत नव्हतं, पण बाई म्हणाली, चिरूनच.

शेवटी ती जरा अडखळली. एक गोष्ट राहिली, पण ती सांगणार नाही, म्हणाली. मी हट्ट धरला. एकही जागा रिकामी राहिलेलं ताट मला चालणार नव्हतं. तिने हात एकमेकांवर घासून पातळ पातळ काप दाखवले आणि भिंतीवरच्या गेरूच्या रेघेकडे बोट केलं. तांबडे. कडेला पांढरी रेघ. वाळवलेले. कशाचे ते तिने सांगितलं नाही आणि मीही लगेच विचारलं नाही. घरात सुरण होता आणि कोकणातून यात्रेला आलेल्या नातेवाइकांनी दिलेलं आमसूल होतं. आमसुलाच्या पाण्यात सुरणाचे कागदासारखे काप शिजवले, उन्हात जरा सुकवले आणि तुपात कडा कुरकुरीत होईपर्यंत परतले. ताटलीत घालून मी उंबऱ्यातून तिला लांबून दाखवले.

ती बराच वेळ त्या ताटलीकडे बघत राहिली. मग हसली. "वही है, बहनजी," ती म्हणाली. "परन्तु निष्पाप."

तेव्हा मला कळलं की ते कशाचे काप असतात. उभ्या जन्मात न पाहिलेली वस्तू मी हुबेहूब केली होती. मी परसात जाऊन पुन्हा हात धुऊन आले, पण काप टाकले नाहीत. ती माझं पुष्कळ कौतुक करत होती, माझ्या हातांना बुद्धी आहे वगैरे. ते मी एका कानाने ऐकलं. कौतुक मला हवं होतं, पण तिचं काय करायचं? तिच्याकडून मिळालेलं म्हणजे तिने मला तिच्या जास्तीतलं काही काढून द्यावं तसं झालं.

नाताळच्या दिवशी मी पहाटे घाटावर बुडी मारून आले आणि सोवळं नेसले. गोवऱ्यांवर कणकेच्या बाट्या भाजल्या, त्यांच्या चकत्या कापून तुपात परतल्या. तिच्याकडे या जागी पाव असतो. ती दहाच्या सुमारास आली आणि चौकातल्या आपल्या पाटावर बसली. मी करवंदांत तेल घालत होते.

"चखकर देखिए," ती म्हणाली, "ठीक है क्या."

"पहले भगवान," मी म्हटलं. आमच्याकडे सणाचा स्वयंपाक करताना कुणी जिभेला लावत नाही. आधी नैवेद्य, मग माणसं. नाताळ माझा सण नव्हता, पण त्यांच्याही देवाचा तो जन्मदिवस होता, आणि देव कुणाचा का असेना, त्याच्याआधी आपण खायचं हे मला जमलं नसतं. तेव्हा सगळं अंदाजानेच झालं. मला माझ्या अंदाजाचा भरवसा होता.

मग मांडायची वेळ आली. मी पितळेची मोठी, कल्हईची परात घासूनपुसून घेतली आणि सवयीने वाढायला सुरुवात केली. लिंबातल्या भाज्या डावीकडे, चक्का त्यांच्या वर, वांगं उजवीकडे. ती बाहेरून बघत होती.

"बहनजी, इसमें बायाँ-दायाँ नहीं होता," ती म्हणाली.

"तो खानेवाला किधर बैठेगा?"

"किधर भी. चारों ओर."

मला कळेना. ताटाला डावं-उजवं नाही म्हणजे ते कुणाचं ताट? मी तसंच विचारलं.

"सबकी थाली है," ती म्हणाली. "गुरुजी की, मेरी, आपकी. बीच में रखेंगे, सब उसी में से खाएँगे."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. मला वाटलं होतं परातीतून प्रत्येकाला वेगळं वाढायचं असणार. एका ताटात दोन माणसांनी जेवायचं म्हणजे काय ते तिला ठाऊक नसेल, पण मला ठाऊक होतं. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी नवरानवरी एका ताटात जेवतात, घास देतात, आणि त्यानंतर जन्मभर ती त्याच्या मागून त्याच ताटात जेवते. तिसऱ्या माणसाचा हात त्यात पडत नाही. पडला तर सगळं उष्टं. आणि ही माझ्या नवऱ्यासमोर बसून त्याच्याच ताटात हात घालणार होती, तेही मी माझ्या हातांनी भरलेल्या. शिकायला येते, ठीक आहे. वाह घेऊन जाते, तेही गिळलं. पण ते ताट माझं होतं. मला रडूही आलं आणि तिचे ते ठिपके ओरबाडून काढावेत असंही वाटलं.

ती हात धुवायला नळाकडे गेली तेवढ्यात मी परात पुन्हा मांडली. प्रत्येक पदार्थाचे दोन वाटे केले. करवंदांचा ढीग इकडे एक, तिकडे एक. वांगं दोन्हीकडे, चक्का दोन्हीकडे, सुरणाचे काप मोजून सारखे. आणि परातीच्या बरोबर मधून, या काठापासून त्या काठापर्यंत, बाट्यांच्या चकत्या उभ्या खोचून एक भिंत घातली. दोन बोटं उंच, फटसुद्धा नाही. देवापुढे परात ठेवून पाणी फिरवलं, नैवेद्य दाखवला आणि चौकात आणून दोन पाटांच्या मधोमध अशी ठेवली की एक अर्धं ह्यांच्याकडे येईल आणि एक तिच्याकडे.

ती आली, परातीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आपल्या बाजूच्या पाटावर बसली.

हे घाटावरून आले. तिने ह्यांना सांगितलं की आमच्याकडे सगळे एका ताटातून खातात. मला अजून आशा होती. शिंप्याचा हात लागला तरी पुन्हा अंघोळ करणारा हा माणूस, आता पाय मागे घेईल, म्हणेल, बाई, आमच्यात हे चालत नाही. हे म्हणाले, "देशाचार है. इसमें क्या." आणि लगेच अतिथीविषयी एक वचनही काढून दाखवलं. ह्यांना जे करायचं असेल त्याला शास्त्रात आधार नेहमीच हाताशी असे.

"बहनजी, आप भी बैठिए," ती म्हणाली.

"वो बाद में खाती हैं," माझ्या वतीने ह्यांनी उत्तर दिलं.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. ह्यांनी सवयीने चित्राहुतींसाठी हात उचलला, आपलं ताटच नाही हे बघून जरा घुटमळले आणि मग एक करवंद तोंडात टाकलं. माझा जीव कानांत आला होता. ह्यांनी चावलं, थांबले, दुसरं घेतलं. चक्का बाटीला लावून घेतला. वांगं घेतलं. आणि नऊ वर्षांत पाटावर बसून जो माणूस अक्षर बोलला नव्हता, तो बोलला.

"वाह!" हे म्हणाले. मांडीवर थाप मारून.

मला आनंद व्हायला सुरुवात झाली होती. पण ह्यांचं तोंड तिच्याकडे होतं.

"वाह, बाईजी. आपके देश के लोग खाना जानते हैं." मग सुरण. "वाह! यह क्या चीज़ है?" मग पुन्हा करवंद. "हर कौर का अलग रस. आपके हाथ में तो अन्नपूर्णा है." माझ्या बाजूला नजरसुद्धा वळली नाही. आपल्या बाजूचे सुरणाचे काप संपल्यावर ह्यांनी भिंतीवरून हात पलीकडे घातला आणि तिच्या वाट्यातला एक काप उचलला. बाटीची एक चकती आडवी पडली. ह्यांनी ती खाऊन टाकली. पुढचा काप उचलायला तर वाट मोकळीच होती.

मी दाराची चौकट धरून उभी होते. माझ्याच हातचं अन्न, माझ्याच नवऱ्याच्या तोंडात, आणि वाह सगळी तिच्या पदरात. इतका मत्सर मला कुणाचा वाटला नव्हता, आणि वाटत होता तो माझ्याच सुरणाचा, माझ्याच करवंदांचा. ते पदार्थ माझे राहिले नव्हते म्हणून चांगले झाले होते.

तिने हात थांबवला. "गुरुजी," ती म्हणाली, "मैंने तो केवल बातें कीं. एक वस्तु को छुआ भी नहीं. यह सब बहनजी ने बनाया है. अपनी बुद्धि से. मेरे घर में भी ऐसा नहीं बनता था."

आता हे माझ्याकडे बघतील हे मला दिसलं आणि मी पदर सावरला. खरंच सावरला, आज लिहितानासुद्धा मला त्याची लाज वाटते. ह्यांचा हात परातीवर तसाच राहिला. हे माझ्याकडे वळले. मग मराठीत, फक्त मला कळेल असं म्हणाले, "मीठ जरा जास्त पडलंय."

"क्या कहा गुरुजी ने?" तिने मला विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हटलं.

त्यानंतर ह्यांनी मान खाली घातली आणि रोजच्यासारखे मुकाट्याने जेवले. बाईसमोर बायकोचं कौतुक केलं तर बरं दिसत नाही असं ह्यांना वाटलं असेल, किंवा आधीच इतकं बोलून गेल्याने ओशाळले असतील. त्या काळचे सगळे पुरुष तसेच होते असंही मला पुढे पुष्कळांनी समजावलं. त्या वेळी मला समजून घ्यायचं नव्हतं. मला परात उचलून गल्लीतल्या सांडापुढे टाकायची होती.

ती लवकरच निघाली. दारात बूट घालताना तिने मला नमस्कार केला आणि मी तो केल्यासारखा केला. हे आत पलंगावर जाऊन पडले. मी चौकात परातीपाशी येऊन बसले.

ह्यांची बाजू स्वच्छ होती. वांग्याचं तेलसुद्धा बाटीने पुसून घेतलेलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी माझ्यासाठी मागे एक घासही ठेवला नव्हता. भिंतीपलीकडे मात्र सगळं होतं. करवंदं अर्धी, चक्का अर्धा, भाज्या, वांगं, ह्यांच्या हातून वाचलेले सुरणाचे तीन काप, सगळं नीट एका कडेला सारलेलं. तिने जे खाल्लं ते आपल्या काठाने खाल्लं होतं. भिंत तिला पहिल्या नजरेतच कळली होती आणि तिने ती जेवणभर पाळली होती. आणि उरलेलं तिने माझ्यासाठी ठेवलं होतं.

परक्या धर्माच्या बाईचं उष्टं. मला ते खायचं नव्हतं. पण भूक लागली होती, आणि भुकेपेक्षा मला खात्री करून घ्यायची होती. मी एक करवंद तोंडात टाकलं. मग वांगं खाल्लं. चक्का बोटावर घेतला. लिंबातल्या फुलकोबीचा, गाजराचा, सलगमचा एकेक तुकडा खाल्ला आणि शेवटी सुरणाचे तीनही काप. हळूहळू, प्रत्येक घास जिभेवर फिरवून, मी त्यात जास्तीचं मीठ शोधत होते. कुठेही नव्हतं.

"जेवलीस का?" आतून ह्यांनी विचारलं.

"जेवले," मी म्हटलं. आणि मग नऊ वर्षांत कधी उलट न बोललेली मी म्हणाले, "मीठ बरोबर होतं."

आत पलंग करकरला. मग हे म्हणाले, "असेल."

मी परात उचलून मोरीवर नेली. तिला एका दुपारी तीन वेळा वाह मिळालं होतं आणि मला नऊ वर्षांनी एक असेल. पुढे ती आपल्या देशाला निघून गेली, हेही वारले, आणि इतक्या वर्षांनंतरही मला ते कमीच वाटतं.